लायसन्स म्हणून आम्हाला १८० दिवसांची ट्रायल विकली

अंबड एमआयडीसीत आमचा प्रेस-पार्टचा छोटा कारखाना आहे, ऑफिसात नऊ कॉम्प्युटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही सर्व्हर घेतला. मशीनच्या किमतीखाली कोटेशनमध्ये आणखी एक ओळ होती : ‘विंडोज सर्व्हर २०२२, १० युजर आणि रिमोट लॉगिनसह, ३८,००० रुपये अधिक जीएसटी’. दुसऱ्या एकाने याच कामाचे लाखाच्या वर सांगितले होते, म्हणून आम्ही हा स्वस्तातला धरला.

आमचे अकाउंटंट काका घरून आणि सीएंकडची मुलं त्यांच्या ऑफिसातून सर्व्हरवर लॉगिन करून टॅली वापरतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद पडलं. विक्रेता आला, “ताई, चहा सांगा, तोवर होतंय” म्हणाला, दहा मिनिटं एकटाच सर्व्हरपाशी बसला आणि २,५०० रुपये घेऊन गेला. काय झालं होतं विचारलं तर “सेटिंग हललं होतं”. मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

१० मेला सकाळी सर्व्हर आपोआप बंद झाला. चालू केला, तासाभराने पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख. यूपीएस गेला असेल म्हणून ७,२०० रुपयांच्या नव्या बॅटऱ्या टाकल्या, तरी तेच. काका घड्याळ समोर ठेवून बिलं भरत होते आणि पन्नास मिनिटं झाली की सगळं सेव्ह करून हात बाजूला घेत होते. विक्रेता फोनवर म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, १५,००० होतील.

पुतण्या पुण्यात सर्व्हरचंच काम करतो. तो आला आणि त्याने पहिल्यांदा टॅलीची खिडकी खाली केली. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘स्टँडर्ड इव्हॅल्युएशन’, म्हणजे ट्रायल. सहा महिने ते तिथेच होतं. टॅली कायम पूर्ण स्क्रीनभर असल्यामुळे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नाही.

मायक्रोसॉफ्ट ही ट्रायल फुकट डाउनलोडला देते. ती १८० दिवस चालते, मुदत संपली की सर्व्हर दर तासाला स्वतःहून बंद होतो. रिमोट लॉगिनची लायसन्सं निराळी असतात, ती नसतील तर १२० दिवसांची सवलत मिळते. मार्चमध्ये ती संपली होती, आणि त्या दहा मिनिटांत त्याने तो काउंटर पुन्हा शून्यावर आणला होता. आम्ही भरलेल्या ३८,००० मधला एक रुपयाही लायसन्सवर गेलेला नव्हता.

खरा हिशेब मला नंतर कळला. २०२२ स्टँडर्डची जाहीर किंमत १६ कोअरला (प्रोसेसरमधल्या भागांना कोअर म्हणतात) १,०६९ डॉलर. आमच्या मशीनला ८च कोअर आहेत, तरी कमीत कमी १६चंच घ्यावं लागतं. त्यावर प्रत्येक युजरचं वेगळं लायसन्स, ज्याला सगळे कॅल म्हणतात, आणि रिमोटवाल्यांचं त्याहून वेगळं. हे सगळं ३८,००० मध्ये बसूच शकत नाही.

खरं लायसन्स मशीनसोबत आलं तर मशीनवर त्याचं स्टिकर असतं. व्हॉल्यूमचं, म्हणजे कंपन्यांना एकगठ्ठा मिळणारं असेल तर आपल्या कंपनीच्या नावाने, आपल्या ईमेलवर येतं. विक्रेत्याच्या पेन ड्राइव्हमध्ये नसतं. पैसे देण्याआधी स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ उघडून ‘एसएलएमजीआर’, मग स्पेस, स्लॅश आणि ‘डीएलव्ही’ ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. समोरच्या चौकटीत ‘इव्हॅल’ दिसलं तर चेक देऊ नका. आणि व्हायरसच्या नावाखाली फॉरमॅट करू देऊ नका : खऱ्या लायसन्सचा कोड घेतला की बहुतेक वेळा तो त्याच सर्व्हरवर बसतो, डेटा जागेवर राहतो.

आम्हाला एवढ्या मोठ्या सर्व्हरची गरजच नव्हती, हे मला जास्त लागलं. विंडोज प्रोच्या साध्या पीसीवरचं शेअरिंग एका वेळी २० मशीनपर्यंत चालतं. आता टॅलीचा डेटा तसा ठेवलाय. ड्रॉइंगच्या फाइली जुन्या सर्व्हरवरच आहेत, पण त्यावर पुतण्याने विंडोजऐवजी उबंटू ही फुकट सिस्टीम आणि फाइल शेअरिंगसाठी सांबा टाकून दिलंय, लायसन्सचा खर्च शून्य.

वकिलाची नोटीस गेल्यावर २०,००० परत आले. बाकीचे अजून यायचेत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गाळ्यात गेले, त्यांनीही सर्व्हर त्याच माणसाकडून घेतलाय. माझ्यासमोर खिडक्या खाली केल्या. कोपऱ्यात तेच शब्द, आणि ४१ दिवस बाकी.