सोळा-नऊची हौस आणि घासून काढलेली तारीख

ट्रॅक्टरचे मागचे तेरा-सहाचे टायर काढून त्याहून रुंद सोळा-नऊचे बसवायचे, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं नव्हतं. माझं मीच भरवून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं बराचसा दोष दुकानदाराच्या पदरात घालणार आहे.

सप्टेंबर 2025 चा मराठवाड्यातला पाऊस कुणी विसरलं नसेल. आमच्या लातूर जिल्ह्यात उभं सोयाबीन पाण्यात कुजलं आणि ऑक्टोबर उजाडला तरी काळी रानं वाफशावर येईनात. हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर घालायला गेलो की ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवायचा. ट्रॅक्टर पंचेचाळीस एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह. मागं कंपनीचे 13.6-28 चे टायर (रुंदी 13.6 इंच, आतली रिंग 28 इंची), निम्मे झिजलेले. शेजाऱ्याचा 16.9-28 वाला ट्रॅक्टर मात्र तसल्याच रानातून सरळ निघून जायचा. त्याचं यंत्र मोठं, वजनदार आणि टायर कोरे, हे मी हिशोबात धरलंच नाही. मला दिसली ती फक्त रुंदी. आणि खरं सांगू का, रुंद चाकांचा ट्रॅक्टर दिसायलाही रुबाबदार दिसतो. घरात सांगताना मी चिखलाचं कारण सांगितलं, एवढंच.

शोरूममध्ये कोरी जोडी आणि डिस्क (टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक) यांचा भाव ऐकून परत फिरलो. सोयाबीन गेलेलं, हातात पैसा कुठला? मग जिल्ह्याच्या ठिकाणी हायवेला जुन्या-नव्या टायरांचं दुकान आहे, तिथं कुणीतरी पाठवलं.

दुकानदार बोलायला फार गोड. "मालक, हे जुने म्हणूच नका. नव्या ट्रॅक्टरवरनं उतरवलेले हायेत, सहा महिनेबी चालले नाहीत." हे पटण्यासारखं होतं, कारण काही लोक नवा ट्रॅक्टर घेतल्या घेतल्या टायर बदलून दुसरे टाकतात, तो माल बाजारात खरोखर येतो. टायर काळेभोर चमकत होते, वरचे रबरी दात चांगले उंच. डिस्कवर ताजा रंग. डिस्कसकट 58,000 सांगितले. माझे जुने टायर आणि डिस्क 13,000 ला धरले. राहिले 45,000. त्यातले 15,000 फोनवरून पाठवले, 30,000 रोख.

बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं की अठरा टक्के वर जातेत. कशाला उगं सरकारला देता?" मला ते शहाणपणाचं वाटलं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला होता आणि मी तिथं उभा होतो ऑक्टोबरच्या मध्यावर. पेपरात बातमी वाचलेलीही होती! पण पैसे वाचवायच्या नादात माणसाला वाचलेलं आठवत नाही. बिलाऐवजी वहीचं पान फाडून "टायर 2, डिस्क 2" असं लिहून दिलं. त्यावर दुकानाचं नाव नव्हतं.

टायर चढवायचं काम पोरांनी आतल्या शेडमध्ये केलं. मी बाहेर चहा घेत होतो. तो चहा मला पंचेचाळीस हजारांना पडला असं आमची मंडळी अजून म्हणते.

चाकं बसवली तर ती मडगार्डला घासू लागली. मग पोरांनी डिस्क उलट्या करून चाकं बाहेर काढली. हवा तीस पौंड भरली. घरी आलो, गावात चार जणांनी थांबवून बघितलं, मी खूश.

रानात गेल्यावर मात्र काही बदललं नाही. तरीही घसरायचंच. रुंद टायरचा फायदा हवा कमी ठेवली तर असतो, हे नंतर कळलं. रानातल्या कामाला बारा-चौदा पौंड ठेवले की टायर खाली पसरतो, सगळे दात मातीत बसतात. तीस पौंडाला तो फुग्यासारखा गोल होऊन मधल्या पट्ट्यावरच चालतो. मी हवा कमी करायला गेलो तेव्हा टायरच्या बाजूला बारीक चिरा उघडल्या. तीस पौंड भरले होते ते या चिरा मिटून राहाव्यात म्हणून, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

शिवाय 16.9-28 चा घेर 13.6-28 पेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी मोठा. म्हणजे त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर तेवढा जास्त पळणार. पण पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा, इंजिनावर चालतो, त्यामुळे रोटाव्हेटरची पाती आधीच्याच वेगानं फिरणार. ढेकळं मोठी राहायला लागली ती त्यामुळं. मी मात्र पाती बोथट झाली म्हणून नवी आणून बसवली!

हरभरा सोयाबीनच्याच पेरणीयंत्रानं, 45 सेंटिमीटरवर पेरला. चाकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 135 ठेवलं की ती बरोबर ओळींच्या मधे येतात, हे आमचं वर्षानुवर्षांचं गणित. 13.6 म्हणजे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद, पीक लहान असेतोवर कसंबसं जातं. 16.9 म्हणजे 43. पंचेचाळीसच्या ओळीत त्रेचाळीसचं चाक! त्यात डिस्क उलटल्यानं 135 चं माप गेलेलंच. कोळपणीला ट्रॅक्टर घालायचा प्रश्नच मिटला. मजुरीनं कोळपून घेतलं.

इथवर मला आपण फसलोय असं वाटत नव्हतं. आपली निवड चुकली असंच वाटत होतं.

उसाचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी भरली ट्रॉली घेऊन कारखान्याकडं निघालो होतो. ओढ्याच्या उतारावर डाव्या चाकातून टकटक आवाज यायला लागला. नट ढिला असेल म्हणून थांबलो, म्हणून वाचलो. डिस्कच्या रिंगेला अर्ध्या फेराची चीर गेली होती आणि चिरेतून ट्यूब डोकावत होती. ट्रॉलीत माल जास्त होता का? होता. ऊस कुणी मोजून भरत नाही. पण चीर भलत्या जागी नव्हती, दोरी धरून आखल्यासारखी सरळ होती.

गावातल्या वेल्डिंगवाल्या मामांनी रंग खरवडला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, निघाली. लांबीखाली जोड. मामांनी हवा भरायच्या वालच्या भोकाजवळ तारेचा ब्रश मारला आणि तिथला ठसा दाखवला: W12. सोळा-नऊला पंधरा इंची रिंग लागते, W15L, फार तर चौदा. इथं बारा इंची रिंग मधोमध कापून तीन इंची पट्टी डागली होती. मामा म्हणाले, "बारा आन् तीन पंधरा. हिशोब बरोबर हाय की!" मला हसू आलं नाही.

टायर उतरवले तेव्हा उरलेलं उघडं पडलं. दातांच्या मधली जागा गरम ब्लेडनं खोल कोरलेली होती. दात उंच दिसत होते ते रबर शिल्लक होतं म्हणून नव्हे, मधलं खणून काढलं होतं म्हणून. काही ठिकाणी नायलॉनचे दोरे दिसत होते. डाव्या टायरच्या आतल्या बाजूला लांबट गोलात चार आकडे होते: 3513. म्हणजे 2013 सालचा पस्तिसावा आठवडा. सहा महिन्यांच्या मालाचं वय बारा वर्षं.

बहुतेक टायरांवर ही तारीख एकाच बाजूला असते. आणि ट्रॅक्टरच्या टायरला फिरण्याची दिशा ठरलेली, बाजूला बाण असतो. त्यामुळं जोडी बाणाप्रमाणं बसवली की एका चाकाची तारीख आत जाते आणि दुसऱ्याची बाहेर दिसणारच. ती लपवायला जागा नाही. उजव्या टायरवर त्या जागी गेलो तर बोटभर लांबीचा गुळगुळीत पट्टा होता, ग्राइंडरनं घासून वर काळं फासलेलं. दोन महिने रोज त्या चाकावर पाय देऊन मी वर चढत होतो.

जुना माल घ्यायचाच असेल तर टायर डिस्कवर चढवायच्या आधी दोन्ही बाजूंनी बघा, दोन्ही टायरांच्या तारखा वाचा, आणि एक तारीख "घासून गेली" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. दातांच्या मुळाशी बोट फिरवा. साच्यातून आलेलं रबर तिथं गोलाई घेऊन वळतं, कोरलेल्याला धारदार कड लागते. रिंगेचा ठसा वाचा, आणि मधोमध पंजा फिरवताना उंचवटा लागला तर रंग खरवडून दाखवायला सांगा. तो तयार होणार नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीनं. ट्रॅक्टरबरोबर मिळालेलं पुस्तक नंतर उघडलं. त्यात मागच्या टायरचे दोनच आकार दिलेत, 13.6-28 आणि 14.9-28. चौदा-नऊला तेरा इंची रिंग उत्तम, पण बारा इंचीवरही तो चालतो. म्हणजे माझ्या जुन्या डिस्कवर, मडगार्डला हात न लावता, थोडा रुंद कोरा टायर बसला असता. नाहीतर आहेत त्याच टायरांत पाऊण पाणी भरलं असतं, एकेका चाकाचं दोनशे किलोच्या आसपास वजन वाढलं असतं, पकड आली असती. खर्च जवळपास शून्य.

त्या जुन्या डिस्क परत मागायला गेलो. त्या दोनच दिवसांत विकल्या गेल्या होत्या. टायरबद्दल दुकानदार म्हणाला, "लोड जास्त टाकला आसंल. आन् बिल कुठाय?" फोनवरचे पंधरा हजार त्याच्या नावावर नव्हतेच, पुतण्याच्या खात्यात गेले होते. ठाण्यात गेलो, तर हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा म्हणाले.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराचा आपण होऊन फोन आला, दहा हजारांत मिटवा म्हणून. मी नाही म्हणालो. आता जिल्हा आयोगात जायची तयारी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मी भाड्यानंही ट्रॅक्टर चालवतो म्हणून "हा धंदा आहे, हा ग्राहक नव्हे" असं समोरचा म्हणू शकतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, असं वकील म्हणाले. फोनवरच्या पैशाची नोंद, वहीचं ते पान, आणि मामांनी खरवडताना माझ्या पोरानं काढलेला व्हिडिओ, एवढं आहे जवळ.

ट्रॅक्टर सध्या पावणेदोन हजार तास चाललेल्या 13.6 च्या जोडीवर उभा आहे, या खेपेला बिल घेऊन आणलेल्या. डाव्या टायरचं काय करायचं ते ठरलेलं नाही. उजवा मात्र वकिलांनी कुणाला हात लावू देऊ नका म्हणून सांगितलंय. घासलेला पट्टा बाहेरच्या बाजूला येईल असा तो गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय.