बिहेवियर थेरपी की एबीए?

पाच वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या मुलासाठी काय निवडावं, असं एका आईने विचारलं. एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, वागण्याच्या आधी-नंतर काय घडतं ते पाहून नवं वागणं शिकवण्याची पद्धत. दोन्हींची मुळं वर्तनवादातच, म्हणजे वागणं शिकलेलं असतं आणि बदलता येतं या विचारात.

बिहेवियर थेरपीत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची १९५८ची पद्धत प्रसिद्ध: अंग सैल सोडायला शिकवून भीतीला पायरीपायरीने सामोरं नेणं. त्यासाठी बोलणं लागतं. आठवड्याला एखादा तास पुरतो, सराव स्वतः करायचा.

एबीएत बोलण्याची अट नाही. मूल किंचाळण्याआधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं, हे टिपायचं. मग हाताने 'दे' खुणावलं की लगेच बिस्किट. तास आणि खर्च जास्त, घरच्यांनाही शिकावं लागतं. मुलाला नुसतं आज्ञाधारक करू म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

भीती, मंत्रचळ असलेल्या मोठ्यांना बिहेवियर थेरपी. या मुलाला एबीए, तेही स्पीच थेरपीच्या जोडीने.