गाडीतला फ्रीज: सात महिने आणि एक सैल पिन

४० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज. मार्चमध्ये विंडहूकला साडेनऊ हजार नामिबियन डॉलर मोजून घेतला. नोकरीनिमित्त इथे आहोत तोवर सगळा नामिबिया गाडीने पालथा घालायचा, आणि वाटेतल्या लॉजमध्ये जेवणाला पैसे घालायचे नाहीत, हा हिशोब. बाकी स्पेक्स सगळीकडे लिहिलेली आहेत. मला बोलायचंय त्याच्या पिनबद्दल. लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची ती पिन.

पहिली सहल एप्रिलमध्ये, नामिब वाळवंटातल्या सोसुसव्लेईची. डांबर संपलं की इथे खडीचे रस्ते, आणि त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. टायरमधली हवा कमी केली तरी दात वाजतात. आमची जुनी डबल कॅब पिकअप, इथल्या भाषेत 'बकी' (माझ्या कानाला ते 'बाकी' ऐकू येतं, आणि हप्ते पाहता नाव बरोबरच आहे), तीही खुळखुळत होती. सॉलिटेअरला पेट्रोल भरायला थांबलो तर फ्रीजचा दिवा बंद. पिन अर्धा सेंटिमीटर बाहेर आली होती. आत ढकलली. पुढच्या ऐंशी-एक किलोमीटरमध्ये, मुक्कामाचं सेस्रीम येईपर्यंत, चार वेळा ढकलली. पाचव्यांदा लक्षात राहिलं नाही.

पहाटे उद्यानाचं फाटक उघडताच निघालो, सूर्य वर येताना ड्यून ४५ ही वाळूची टेकडी चढलो, मग डेडव्लेईच्या कोरड्या तळ्यात. पांढऱ्याफटक मातीत काळी वठलेली झाडं उभी. हवेत ओलावाच नाही, म्हणून सहाएकशे वर्षांत कुजलेली नाहीत. परत येऊन फ्रीज उघडला. झाडं सहाशे वर्षं टिकली त्या जागी माझं दूध एका रात्रीत नासलं होतं.

दुकानात तक्रार केली. त्यांनी फ्रीज तीन दिवस ठेवून घेतला, घरगुती २२० व्होल्टवर चालवला आणि "उत्तम चालतोय" म्हणून परत दिला. वर तपासणीचे साडेतीनशे डॉलर. पिन गाडीत लावून बघा म्हटलं तर सॉकेट तुमच्या गाडीचं, ते वॉरंटीत येत नाही. तेव्हाच्या रागात रिव्ह्यूत मी याला एक तारा दिला होता. तो आता मागे घेतोय, पण अर्धाच.

जुलैत इटोशा राष्ट्रीय उद्यानात गेलो. कोरडा हंगाम, त्यामुळे सगळी जनावरं पाणवठ्यांवर. ओकाउकुएयोच्या कॅम्पला लागूनच पाणवठा आहे, रात्रभर त्यावर दिवे असतात आणि काळे गेंडे पाण्याला येतात. हिने तीन पाहिले. मी एकाची पाठ पाहिली, कारण दर अर्ध्या तासाने उठून हिरवा दिवा बघायला जात होतो. गाडी उभी असताना पिन निसटायचं कारण नव्हतं, तरी मध्यरात्री फ्रीज बंद.

शेजारच्या तंबूतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला तिसऱ्यांदा चरफडताना पाहिलं आणि मल्टिमीटर घेऊन आला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. कॉम्प्रेसर चालू असताना पिनेवर ११.५. फ्रीजची बॅटरी-राखण मी 'हाय'वर ठेवलेली, म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये ११.८ च्या खाली आला की तो स्वतःच बंद होतो. बॅटरी ठणठणीत होती. व्होल्ट खात होती ती सॉकेटपर्यंतची बारीक वायर आणि पिनेची दमलेली स्प्रिंग. 'लो'वर टाकलं तर फ्रीज चालेल, पण सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. आमच्याकडे दुसरी बॅटरी नाही.

म्हणजे फ्रीज निर्दोष, हे मान्य. पण साडेनऊ हजाराच्या यंत्राला ही असली पिन देणं म्हणजे पैठणीला दोऱ्याची नाडी बांधण्यासारखं आहे, आणि यावर माझं मत बदलणार नाही. बॅटरीपासून मागपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज टाकला, टोकाला अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारी जोडणी) लावला. घरची मजुरी धरून ६४० डॉलर. (घरची मजुरी म्हणजे शून्य, असं हिचं म्हणणं.)

सप्टेंबरात वायव्येचं काओकोलँड. ओपुवोच्या सुपरमार्केटच्या रांगेत आमच्या पुढे लोणी आणि गेरूचा ओत्जिझे अंगाला लावलेली हिंबा जमातीची बाई, मागे गाईच्या शिंगांसारखी टोपी घातलेली हेरेरो बाई, आणि मध्ये मी, जुन्या सवयीने बर्फाची पिशवी घेऊन. ती परत ठेवली आणि दोन किलो बीफ घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटाड्याबरोबर एका हिंबा वस्तीवर गेलो. पवित्र अग्नी आणि मुख्य झोपडी यांच्यामधून चालायचं नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं. तिथे एक आजी भोपळ्यात दूध हलवत बसल्या होत्या. आंबट दूध, ओमाएरे. हिने विरजणाचं विचारलं. वाटाड्या म्हणाला, त्याच भोपळ्यात नवं दूध ओतत जायचं. हिने माझ्याकडे पाहिलं, मी गाडीकडे.

होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात हत्ती दिसले, त्या दिवशी मी फ्रीजकडे फिरकलोही नाही. त्याचा फटका पाल्मवागच्या पशुरोग-तपासणी फाटकावर बसला. उत्तरेकडचं कच्चं मांस त्याच्या दक्षिणेला नेता येत नाही. १८९६ च्या गुरांच्या बुळकांडीच्या साथीत आखलेली ही कुंपणाची रेघ आज लाळ्या-खुरकूत रोखते, आणि दक्षिणेचं गोमांस त्यामुळेच युरोपात विकलं जातं. हे सगळं मला माहीत होतं. बीफ विसरलो होतो.

तपासनीस बाईंनी झाकण उघडलं. टाकून द्या, नाहीतर अलीकडे जाऊन शिजवून आणा, म्हणाल्या. शिजवलेलं चालतं. दोन किलो फुकट घालवणं रक्तात नाही, म्हणून बाजूला चूल मांडली. पण या खेपेला फ्रीज अखंड चालला होता, उणे १५ वर. बीफ पाट्यासारखं घट्ट, सुरी शिरेना. बॉनेटवर ठेवून उन्हात वितळवलं, मग निखाऱ्यांवर. अडीच तास गेले.

निघताना बाईंनी पुन्हा झाकण उचलून आत हात घातला. एवढा गार, कुठून घेतला? मी दुकान सांगितलं. आणि म्हटलं, मॅडम, पिन मात्र तिथेच कापून टाका.