दोन किलो रायगवत आणि निफाडची थंडी

निफाडला डिसेंबरात पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. आमची बाग नाही, गोठा आहे. नऊ गायी. थंडीचा आपल्यालाही काही उपयोग होतो म्हटल्यावर माझे कान टवकारणारच. नाशिकच्या एका बियाण्याच्या दुकानात तेच झालं. "काकू, थंड देशातलं गवत आहे, तिकडे मुरघास याचाच करतात," असं म्हणून दुकानदाराने रायगवताची दोन किलोची पुडी पुढे केली. मुरघास म्हणजे हवाबंद दाबून, आंबवून टिकवलेला चारा. किंमत ऐकून सासूबाईंनी घरी माझा चांगलाच उद्धार केला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा गुंठ्यांत फेकून पेरलं. बी इतकं बारीक की जरा खोल गेलं तर वर येतच नाही. माझे दोन वाफे असेच वाया गेले. पहिली कापणी पन्नास दिवसांनी, पुढच्या पंचवीस-पंचवीस दिवसांनी. हिरवा चारा म्हणून मात्र नाव ठेवायला जागा नाही. पान मऊ, फुटवा दाट, गव्हाणीत काडी उरत नाही. नुसतं हेच घातलं तर शेण पातळ होतं, म्हणून निम्मा कडबा मिसळायचा. इथवर मी खूश होते.

तिसऱ्या कापणीला टनभर चारा निघाला आणि मी मुरघासाच्या नादी लागले. अर्धा चारा कापला तसाच कुट्टी (बारीक तुकडे) करून बॅगेत दाबला. पंचेचाळीस दिवसांनी तोंड सोडलं तर खालून काळं पाणी आणि खवट लोण्याचा वास. गायींनी तोंड फिरवलं, बॅग उकिरड्यावर गेली. उरलेला अर्धा ताडपत्रीवर दिवसभर सुकवून, गुळाचं पाणी शिंपडून भरला होता. तो मात्र पिवळसर हिरवा, आंबट-गोड वासाचा निघाला. पण पाचशे किलो ओला चारा सुकून अडीचशेवर आला होता. नऊ गायींना दोन दिवसही पुरला नाही.

चूक गवताची नाही, हे मला नंतर उमगलं. कोवळ्या रायगवतात शंभर किलोमागे कोरडा माल पंधरा किलोच्या आसपास, बाकी पाणी. मुरघासाला तीस-पस्तीस लागतो. चिकातून दाण्यात येणारा मका शेतात उभा असतानाच तेवढा देतो. ओलावा तपासायला कुट्टी मुठीत दाबायची. पाणी गळलं नाही आणि मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला की बॅग भरायला घ्यायची. आफ्रिकन टॉल मका त्याच दहा गुंठ्यांत एका कापणीत मला चार टन देतो, गूळ न घालता. नेपियर गवताचाही मुरघास करून पाहिलाय. पाणी जास्त, साखर कमी, त्यामुळे तिथेही सुकवणं आणि गूळ आलाच. लसूणघासात प्रथिनं भरपूर, पण एकट्याचा मुरघास नीट आंबत नाही.

मग थंड देशवाल्यांचं कसं जमतं? फिनलंडकडे बर्फाखाली रायगवत बऱ्याचदा मरतं, म्हणून त्यांचा भरवसा टिमोथी नावाच्या गवतावर. ते बर्फ सोसतं. जोडीला कुरणी फेस्क्यू हे दुसरं गवत पेरतात. टिमोथीला कणसं बाहेर पडू लागली की लगेच कापतात, कारण उशीर झाला की काडी होते आणि गायीला पचत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन कापण्या होतात. चारा शेतातच सुकवतात आणि बऱ्याचदा वरून आम्लही घालतात. आम्ल घालून चारा टिकवण्याची पद्धत तिथल्याच विर्तानेन या शास्त्रज्ञांनी काढली. त्यांना 1945 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चाऱ्यापायी नोबेल! सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलव बॅग भरायला." टिमोथी आपल्याकडेही विकत मिळतं बरं का, वाळलेलं, पाळीव सशांसाठी. भाव बघितला आणि फोन बाजूला ठेवला.

शिवाय त्यांचा मुरघास हिवाळ्याच्या बेगमीचा, आपला एप्रिल-मे-जूनचा. रायगवत तर मार्चच्या उन्हात पिवळं पडलं, चौथ्या कापणीनंतर संपलंच.

पुडीला पाचापैकी तीन तारे. हिरव्या चाऱ्यासाठी चार देणार होते, एक मुरघासाच्या थापेपायी कापला. दुकानात परत गेले तेव्हा त्यांनी कुठलाही वाद न घालता विचारलं, "सुकवलं नव्हतं का काकू?" पुडी देताना हे सांगायला काय झालं होतं? पुडीवरही सुकवण्याबद्दल अक्षर नाही, नुसता हिरव्या कुरणातल्या गायीचा फोटो.

यंदा तीन गुंठेच पेरलंय, व्यालेल्या दोन गायींपुरतं. बाकी सगळा मका.