अकरा महिने 'ऑटो'वर: आपोआप लागणाऱ्या हेडलाइटचा अनुभव

आधीची गाडी मी नऊ वर्षं चालवली. तिचे हेडलाइट हाताने लावायचे. अंधारायला लागलं की बोटं स्टीअरिंगजवळच्या दांडीच्या टोकाकडे जायची, दोन खटके फिरवले की लाइट लागले. नवी गाडी येऊन आता अकरा महिने झाले, साडेतेरा हजार किलोमीटर चालली. हिच्या दांडीवर एक खूण जास्त आहे: ऑटो. पहिल्या आठवड्यात दांडी ऑटोवर ठेवली ती आजवर जवळपास तिथेच आहे. पाच-सहा वेळा मात्र ती तिथून हलवायलाच हवी होती आणि त्यातल्या एकदा मी ती हलवली नाही. हे लिहायला बसलोय ते मुख्यतः त्या एका सकाळीमुळे.

पण आधी चांगलं ते सांगतो. दिवेलागणीच्या वेळी ऑटो हेडलाइट माणसापेक्षा सरस आहेत, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. आपला डोळा उतरत्या उजेडाशी हळूहळू जुळवून घेतो, त्यामुळे 'अजून दिसतंय की' असं वाटत राहतं. जुन्या गाडीत मी लाइट लावायचो तेव्हा मला रस्ता कमी दिसायला लागलेला असायचा. नवी गाडी त्याच्या बरीच आधी लावते. सुरुवातीला हे उगाच वाटलं. मग एका संध्याकाळी समोरून राखाडी रंगाची एक गाडी बिनलाइटची आली. रस्ता मला स्वच्छ दिसत होता, पण ती गाडी अगदी जवळ आल्यावर दिसली. त्या वेळचे लाइट आपल्याला दिसावं म्हणून नसतात, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतात, हे मला त्या दिवशी पटलं.

यंत्रणा साधी आहे. पुढच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागे एक सेन्सर आतून चिकटवलेला असतो (काही गाड्यांत तो डॅशबोर्डवर असतो). बाहेर उजेड किती, एवढंच तो मोजतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत ४८ क्रमांकाचा नियम यासाठी आकडे देतो: उजेड १,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खाली गेला तर दोन सेकंदांच्या आत हेडलाइट लागले पाहिजेत, ७,००० लक्सच्या वर गेला तर बंद व्हायला हवेत. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीवर सोडलंय. बंद होतानाही लगेच नाही, पाच सेकंद उलटल्यावर आणि जास्तीत जास्त ३०० सेकंदांच्या आत. बोगद्यातून बाहेर आल्यावर माझे लाइट बराच वेळ चालूच राहायचे, तेव्हा मला बिघाड वाटला होता. तो बिघाड नाही. झाडांच्या सावलीत किंवा एकामागून एक येणाऱ्या पुलांखाली लाइट सतत उघडझाप करू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेली ती सवड आहे.

तरी उघडझापेचा थोडा त्रास आहेच. एकुलता पूल आला की खालून जाताना लाइट लागतात आणि पुढे चाललेल्याला आरशात वाटतं की मागच्याने डिपर दिला. दोनदा लोकांनी मला उगाच बाजू दिली, एकदा एकाने हात हलवून 'काय घाई आहे' असं विचारलं. सेटिंगमध्ये सेन्सरची संवेदनशीलता तीन पायऱ्यांत बदलता येते, मी ती मधल्या पायरीवर आणली आणि हा प्रकार बराच कमी झाला. सगळ्यात खालच्या पायरीवर नेऊ नका, मग दिवेलागणीचा फायदाच जातो.

आता ती सकाळ. साडेसातचा सुमार, उजाडलेलं होतं आणि दाट धुकं होतं. मी गाडी सावकाश चालवत होतो. पुढे डीआरएलचा, म्हणजे दिवसा गाडी चालू असताना आपोआप लागणाऱ्या छोट्या दिव्यांचा, उजेड धुक्यावर पडलेला दिसत होता, मीटर नेहमीसारखा उजळलेला होता, दांडी ऑटोवर होती. सगळं जिथल्या तिथे आहे असं समजून मी चाळीसेक किलोमीटर गेलो. मग पेट्रोल पंप आला. मी उतरलो आणि बायकोने हवा भरायला गाडी पुढे घेतली. वीस-पंचवीस पावलांवर ती पांढऱ्यात विरली. मागे एकही लाल ठिपका नव्हता. तिने ब्रेक दाबला तेव्हा दोन लाल दिवे उमटले, पाय काढला तसे विझले आणि पुन्हा नुसतं पांढरं. चाळीस किलोमीटर माझ्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला माझी गाडी अशी दिसत होती, म्हणजे दिसतच नव्हती. त्या गाडीत मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं झोपलेली होती.

सेन्सरने चूक केलेली नव्हती. धुकं उजेड अडवण्यापेक्षा तो सगळीकडे विखुरतं, त्यामुळे दिवसाच्या धुक्यात भोवताल पांढराशुभ्र आणि पुरेसा उजळ असतो. सेन्सरला दिवस दिसतो. किती अंतरावरचं दिसतंय हे त्याला कळत नाही, ते मोजायला तो बनवलेलाच नाही. आणि डीआरएल बऱ्याच गाड्यांत फक्त पुढे असतात, त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. शिवाय आजकाल मीटर कायम उजळलेला असतो. पूर्वी लाइट न लावता निघालं की मीटर काळा दिसायचा आणि चूक लगेच कळायची, ती खूणच गेली. कॅनडाने या गोष्टीवर नियमच केला: सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागले पाहिजेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा चालकाने लाइट लावेपर्यंत मीटर काळा राहिला पाहिजे. माझी गाडी यातल्या दुसऱ्या पर्यायात बसते आणि दिवसाच्या धुक्यात तो पर्याय कामाचा नाही.

पावसाचंही जवळपास तेच. माझ्या गाडीत वायपर काही वेळ सलग चालले की हेडलाइट लागतात, ही सोय मला मनापासून आवडली. पण वायपर अधूनमधून एकेक फेरी मारत असतील तर लागत नाहीत, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणाऱ्या तुषारांत मागचं कोणालाच दिसत नसतं. सगळ्या गाड्यांत तर वायपरची ही जोडणी नसतेही. त्यामुळे आता माझा शिरस्ता असा: धुकं, पाऊस, धूर, धुळीचं वादळ, यातलं काहीही समोर आलं की हात आधी दांडीकडे जातो आणि लाइट हाताने लावतो, लोअर बीमवर. धुक्यात अप्पर लावलं तर उजेड उलटून आपल्याच डोळ्यावर येतो. मागचा फॉग लॅम्प फार दाट धुक्यापुरताच, विरळ झालं की लगेच बंद, कारण तो मागच्याच्या डोळ्यात खुपतो.

दुसरा अनुभव चार महिन्यांपूर्वीचा. बाबांची गाडी जुनी आहे, हेडलाइट हाताने लावायचे. रात्री त्यांना घेऊन निघालो. रस्त्यावर दिव्यांचा लखलखाट, सगळं स्वच्छ दिसतंय. दोन किलोमीटर गेल्यावर बाबा शेजारून म्हणाले, "अरे, लाइट लावलेस का?" लावलेच नव्हते. नऊ वर्षांची हाताची सवय सात महिन्यांत गेली होती. घरात दोन गाड्या असतील, एक ऑटोची आणि एक हाताची, तर हा धोका खरा आहे. आता मी कोणतीही गाडी सुरू केली की आधी दांडीला हात लावून ती कुठे आहे हे पाहतो. आमच्याकडे दोघंही आलटून पालटून चालवतो, त्यामुळे हे आणखीच गरजेचं. सर्व्हिसिंगहून गाडी परत आली तेव्हा दोन्ही वेळा कोणीतरी दांडी 'बंद'वर ठेवलेली होती.

सातव्या महिन्यात खडा उडून काच तडकली आणि बदलावी लागली. नवी काच बसल्यावर कोरड्या रस्त्यावर, भर दुपारी वायपर आपले आपण फिरायला लागले आणि त्यांच्या मागोमाग हेडलाइटही. पावसाचा सेन्सर आणि काच यांच्यामध्ये जेलची एक पारदर्शक चकती असते. तिच्यात बुडबुडा राहिला तर सेन्सरला काच ओली वाटते. बाहेरून आरशाच्या मागे निरखून पाहिलं तर बुडबुडा साध्या डोळ्यांनी दिसत होता. वर्कशॉपने आधी 'सॉफ्टवेअर अपडेट करू' सांगितलं. मी बुडबुडा दाखवल्यावर नवी चकती लावली आणि दहा मिनिटांत प्रश्न मिटला. काच बदललीत तर ताबा घेण्याआधी हे जरूर तपासा. आणि त्या जागेवर स्टिकर, फिल्म काही चिकटवू नका.

आपोआप अप्पर-डिपर होणारे लाइट ही वेगळी सोय आहे, लोक दोन्हीत गल्लत करतात. ती कॅमेऱ्यावर चालते, समोर गाडीचे दिवे दिसले की खाली येते. कल्पना जुनीच आहे: १९५२ मध्ये जनरल मोटर्सने ऑट्रॉनिक आय नावाने कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये तसं यंत्र दिलं होतं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ती छान चालते. वळणाच्या रस्त्यावर मात्र मी ती पूर्ण बंद ठेवतो. वळणापलीकडून येणाऱ्याच्या लाइटची आभा मला झाडांवर, कड्यावर आधीच दिसते आणि मी डिपर करतो. कॅमेरा प्रत्यक्ष दिवे दिसेपर्यंत थांबतो, तोवर समोरच्याच्या डोळ्यावर अप्पर गेलेलं असतं. पायी चालणारा माणूस आणि बिनलाइटचा सायकलवाला तर त्याच्या हिशेबातच नसतो. त्यांच्यासाठी डिपर मीच करतो.

गाडी घेताना ऑटो हेडलाइट मिळत असतील तर घ्या, मी पुढच्या गाडीतही घेईन. फक्त टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा दिवसाउजेडी इंजिन चालू करून, दांडी ऑटोवर ठेवून खाली उतरा आणि मागे जाऊन पाहा, लाल दिवे लागलेत का. लागले नसतील तर विक्रेत्यासमोरच दांडी फिरवून हेडलाइटवर नेऊन बघा, किती खटके लागतात ते मोजा. माझ्या गाडीत दोन लागतात, आणि ते आता मला न बघता जमतात.