ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर: फुकट आहे, चांगली आहे, फक्त पोरांच्या मागे उभे राहू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की फॅमिली ग्रुपवर अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या जाहिराती पडायला लागतात, कुणी काही हजार मागतं, कुणी तर बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगतं (ह्याला काडीचा शास्त्रीय आधार नाही, पैसे घालवू नका). त्यापेक्षा अमेरिकेच्या कामगार खात्याची ही कामाची आवड शोधणारी ओ-नेट टेस्ट बघा, माय नेक्स्ट मूव्ह ह्या साइटवर आहे, एक रुपया लागत नाही, लॉगिन नाही, मोबाइल नंबर मागत नाहीत म्हणजे नंतर काउन्सेलिंगवाल्यांचे फोन पण नाहीत. भाचीला करायला लावली, मग राहवेना म्हणून मी पण केली.

एकूण ६० कामं समोर येतात. विटा किंवा फरशी बसवणं, नवीन औषध शोधणं, नाटक लिहिणं, दुकान सांभाळणं, शेअर घेणं-विकणं असं काहीही. ते करायला आवडेल का एवढंच पाच पर्यायांतून सांगायचं, जमतं का हे विचारतच नाहीत. सुरुवातीलाच लिहिलंय की तेवढं शिक्षण आहे का, पैसे किती मिळतील हा विचार डोक्यात आणू नका. आणि आपल्याकडे घोळ नेमका इथेच होतो, फरशी बसवणं वाचलं की पोरं पटकन 'नाही' दाबतात, आवडत नाही म्हणून नव्हे, मागे आई उभी असते म्हणून! आमच्या ताईला चहा करायला पाठवलं तेव्हा कुठे भाचीची उत्तरं बदलायला लागली.

निकाल जॉन हॉलंड ह्या मानसशास्त्रज्ञाच्या थिअरीवर येतो. रियलिस्टिक (हाताने, यंत्रांवर करायची कामं), इन्व्हेस्टिगेटिव्ह (शोध-अभ्यास), आर्टिस्टिक (कला), सोशल (लोकांना मदत, शिकवणं), एंटरप्रायझिंग (धंदा, पुढारपण), कन्व्हेन्शनल (ठरलेल्या पद्धतीची, हिशोब-नोंदींची कामं) असे सहा प्रकार, प्रत्येकाला ४० पैकी मार्क. पुढे किती शिकायची तयारी आहे ते १ ते ५ मध्ये निवडायचं की कामांची यादी येते. आपल्या बोर्डाची २०१६ ला सुरू झालेली कल चाचणी आठवत असेल, त्यात 'गणवेशधारी सेवा', 'ललित कला' असं क्षेत्र यायचं, इथे थेट कामाचं नाव आणि त्यात दिवसभर काय करतात तेही दिसतं. भाचीचं रियलिस्टिक वर आलं तर ताई म्हणे, "म्हणजे मेकॅनिक होणार का ही?" यादी उघडून दाखवली तेव्हा शांत झाली, इंजिनिअरिंगची पण बरीच कामं होती त्यात.

आता उणं काय तर सगळं अमेरिकेचं. पगार डॉलरमध्ये, मागणी तिथली, तलाठी-तहसीलदार शोधत बसू नका. स्पॅनिशमध्ये आहे पण मराठीत नाही, त्यामुळे मराठी मीडियमच्या पोरांना कुणीतरी वाक्यं समजावून द्यावी लागतील (द्या, पण तोंड वाकडं न करता). आणि कल कळला म्हणून ॲडमिशन मिळत नाही, कॉलेज, फी, कट-ऑफ हे आपलं आपल्यालाच बघायचंय.

लॉगिन नसल्याने निकाल जपून ठेवायचं काम आपलंच, ते सहा आकडे वहीत लिहून घ्या.