कोब्यातले ओल-सेन्सर: देवगडच्या एका पावसाळ्यानंतर

मिरगाच्या आधी गच्चीच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेल्या थरात, सहा ओल-सेन्सर बसवून घेतले. आता दिवाळी होऊन गेली, लिहायला हरकत नाही. घर देवगडात, समुद्राच्या तोंडावर.

घेणाऱ्यांनी मोबाईलवर दिसणाऱ्या ओलीच्या आकड्यावर जाऊ नये, उघडीप पडल्यावर तो किती लवकर उतरतो ते बघावं. हे सेन्सर दोन टोकांमधला विद्युतरोध मोजतात. ओल वाढली की रोध कमी होतो, पण खारामुळेही होतो. पश्चिमेच्या कठड्याजवळचा सेन्सर भर मे महिन्यातही ‘ओल’ दाखवत होता. तिथे गळती नाही, खाऱ्या वाऱ्याने वर्षानुवर्षं मुरलेलं मीठ आहे. जुलैत तर सगळेच आकडे वर चढून बसतात, त्यातून काही कळत नाही.

कळलं ते श्रावणात. चांगलं ऊन पडलं आणि पाच सेन्सर हळूहळू उतरले. सोलर हीटरच्या स्टँडजवळचा जागचा हलला नाही. छताला ओल मात्र दिसत होती मधल्या खोलीत, पंख्याच्या हुकाभोवती, स्टँडपासून बरीच लांब. गवंडी म्हणत होते, सगळा कोबा फोडा. आम्ही पाऊस सरल्यावर फक्त स्टँड उचललं. बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरून कोबा आणि स्लॅबच्या मधून उताराने हुकापर्यंत पोचत होतं. भोकालगतचा विटेचा तुकडा बोटांनी चुरगळत होता. तेवढाच भाग उकरून नवा कोबा केला, स्टँड गच्चीला भोक न पाडता ओट्यांवर ठेवलं, मग पाणी तुंबवून बघितलं. शेजारच्या सेन्सरचा आकडा चढला नाही. या एका गोष्टीत पैसे वसूल झाले. आपल्याकडे खारट ओल सळईपर्यंत गेली की गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. छतावर डाग दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

तक्रारी दोन. सोबत आलेले स्क्रू गंजले, स्टेनलेस स्टीलचे घालावे लागले. आणि वीज गेली की वाय-फाय जातो, म्हणजे नेमक्या वादळी रात्रीच्या नोंदी गायब. स्वतःच्या मेमरीत नोंद ठेवणारंच यंत्र घ्या.

जुन्या गच्चीत सेन्सरसाठी पाडलेलं भोक हीसुद्धा पाण्याला वाटच, ते नीट बुजवून घ्या. नवा कोबा घालणार असाल तर गवंड्याला आधीच सांगा, सेन्सर स्लॅबवर ठेवून मगच कोबा घालायला.